कंचनबाईंचा जांभळा शेरा

मंगरूळपीरच्या बाजारात कस्तुरचंदांचं किराणा दुकान, दुकानाच्या मागे घर आणि घराच्या ओसरीवर कंचनबाई. कंचनबाई म्हणजे कस्तुरचंदांची बायको. शिकली होती चौथीपर्यंत, पण अकोल्याहून एसटीच्या टपावर नव्या कादंबऱ्यांचा गठ्ठा आला, की गावातलं पहिलं वाचन तिचं. ही एकाहत्तर-बाहत्तर सालची गोष्ट. बाजारातल्या घरच्या बायका तेव्हा वाचनालयात येत नसत, म्हणून मी ग्रंथपाल असूनही पुस्तकं तिच्या ओसरीवर नेऊन देत असे. चार दिवसांनी परत आणायला गेलो, की मागच्या पुठ्ठ्याच्या आत, तारखा मारायच्या कागदाखाली, तिचा दोन ओळींचा शेरा असे. लिहायची ती दुकानातल्या जांभळ्या पेन्सिलीनं. जिभेला लावून लिहायची पेन्सिल ती, एकदा उमटली की पुसत नाही.

एका रहस्यकथेवर तिनं लिहिलं होतं, "खुनी कोण हे चौथ्या पानावर कळलं. पुढची दोनशे पानं पोलिसांना कधी कळतं याची वाट पाहिली." एका गाजलेल्या प्रेमकथेवर, "नायिका सात वेळा बेशुद्ध पडते. हिला नवरा नको, डॉक्टर पाहा." गडकिल्ल्यांच्या एका जाड कादंबरीवर फक्त, "घोडा चांगला आहे." गावातले लोक पुस्तक हातात घेतलं की आधी मागचं पान उघडत. शेरा वाईट असला, तर पुस्तक तिथंच ठेवत. पुण्या-मुंबईत ज्याच्या तीन आवृत्त्या खपल्या, तो लेखक आमच्या कपाटात धूळ खात पडे.

खोटं कशाला बोलू, तिचं बहुधा खरं असे. म्हणूनच ते जास्त झोंबे. मलाही झोंबलं होतं. अकोल्याच्या एका दिवाळी अंकात माझी कथा छापून आली, तेव्हा मी तो अंक मोठ्या हौसेनं तिच्यापुढे ठेवला. दुसऱ्या दिवशी तिनं तो परत दिला आणि दुकानातली गिऱ्हाइकं ऐकत असताना म्हणाली, "भाऊ, ग्रंथपालानं पुस्तकं मोजावी." त्यानंतर मी कथा लिहिली नाही. तिच्या घरी जाणं मात्र सोडता आलं नाही, कारण तिच्या शेऱ्याशिवाय पुस्तक हलत नसे.

माझं तरी एका वाक्यावर भागलं. तिची सून प्रेमाबाई, मेडशीची, लग्नात पेटीतून चार कादंबऱ्या घेऊन आली होती. सासू वाचते म्हणून पोरगी खूश झाली असणार. पहिल्याच महिन्यात चार बायका बसल्या असताना कंचनबाईनं तिला विचारलं, यातली कोणती आवडली? प्रेमाबाईनं एकीचं नाव सांगितलं आणि म्हणाली, "मले लय रडू आलं ते वाचून."

"कांदा चिरतानीही येते," कंचनबाई म्हणाली.

बायका हसल्या. त्या दिवसापासून सुनेचं नाव रडूबाई पडलं. एवढ्यावरही थांबलं नाही. आठ दिवसांनी त्या चारही कादंबऱ्या दुकानात गेल्या आणि पानं फाडून त्यांच्या पुड्या झाल्या. प्रेमाबाईला कळलं ते स्वयंपाकघरात. मोहरीची पुडी सोडली, तर हातात तिच्या आवडत्या कादंबरीचं शेवटचं पान. तिनं मोहरी डब्यात ओतली, कागद चुलीत घातला आणि पोळ्या लाटायला बसली. हे तिनंच मला पुढे कधी तरी सांगितलं, अगदी कोरड्या डोळ्यांनी.

पंचाहत्तर साली कंचनबाईचे डोळे गेले. काचबिंदू. अकोल्याच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, गेलेली नजर येत नाही. ओसरीवर ती तशीच बसू लागली, पण हातात पुस्तक नाही. मी दोन महिने गेलो नाही. मग तिचाच निरोप आला, "डोये गेले, कान शाबूत आहेत. पुस्तक आणा." दुपारची जेवणं आटोपली की सून वाचून दाखवणार, आणि शेरा ती सांगेल तो तिच्या जांभळ्या पेन्सिलीनं मी लिहायचा, असं ठरलं.

पहिली कादंबरी तेव्हा सगळीकडे गाजत होती. नवऱ्याच्या जाचाला कंटाळून नायिका शेवटी घर सोडते आणि नागपूरला नोकरी धरते. मी ती आधीच वाचली होती. सुनेनं वाचून संपवल्याचा निरोप आला, तसा मी शेरा घ्यायला गेलो. कंचनबाई मान ताठ करून सांगू लागली, "लिवा. दोनशे पानं भांडून शेवटी विहिरीत उडी. लेखकाला हिला जगवायची हिंमत झाली नाही."

मी पेन्सिल थांबवली. दारात प्रेमाबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांनी नको म्हणाली नाही, हो म्हणाली नाही. मला सगळं कळलं. शेवटचं प्रकरण तिनं वाचलंच नव्हतं, आपल्या मनानं रचून सांगितलं होतं. एका शब्दानं मला ते मोडता आलं असतं. मला माझा दिवाळी अंक आठवला, दुकानातली गिऱ्हाइकं आठवली. मी पेन्सिल जिभेला लावली आणि सांगितलं तसं लिहून घेतलं.

आठ दिवसांत गावभर झालं. जिच्या एका ओळीवर लेखक पडत, तिला शेवटच कळला नाही. मग दर महिन्याला असंच. प्रेमाबाई कुणाला टायफॉइडनं मारायची, कुणाला रेल्वेखाली घालायची, आणि कंचनबाई त्या मरणांवर आपले जुने धारदार शेरे मारायची. लोक पुस्तकं नेऊ लागले ते शेरा वाचून हसण्यासाठी. वाचनालयात त्या शेऱ्यांचं जोरजोरात वाचन व्हायचं. कस्तुरचंदांच्या कानावर गेलं असेल, पण तेही बोलले नाहीत. काही बायका मुद्दाम ओसरीवर जाऊन विचारत, "मंग काय झालं वो बाई शेवटी?" ती सांगे आणि त्या पदर तोंडाला लावत. आंधळीपुढे पदर कशाला लावायचा, पण लावत. मीही हसलो. सगळ्यांपेक्षा जास्त हसलो.

अशी अकरा पुस्तकं झाली.

मग भाद्रपदात त्यांचा क्षमावाणीचा दिवस आला. त्या दिवशी जैन घरांत लहानथोर एकमेकांना हात जोडतात, वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल त्याची क्षमा मागतात. मागेल त्याला नाही म्हणायचं नाही, अशी रीत. ओसरी भरलेली होती. मीही दरवर्षीसारखा गेलो होतो. प्रेमाबाई पुढे झाली, सासूच्या पायांवर डोकं ठेवलं आणि नेहमीचं म्हणाली, "आत्याबाई, कळत-नकळत काही चुकलं असंल तं क्षमा करा."

"नकळत राहू दे," कंचनबाई म्हणाली. "कळत केलं त्याचं नाव घे."

 प्रेमाबाईनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"मंग मीच सांगतो. ते पहिलं पुस्तक. विहिरीचं. अवं, बाई बुडवायची असली तं लेखक आधी विहीर दाखवते. बाई पाण्याले जाते, पाय घसरते, नायी तं परसात विहीर आहे एवढं तरी सांगते. त्या घरात नळ होता. तूच वाचला होता मले, चौथ्या प्रकरणात. विहीर कुठून आणली?"

कुणी हसलं नाही. प्रेमाबाईचं डोकं पायांवरच होतं.

"आत्याबाई, तुमाले मालूम होतं, तं मंग शेरा काहून सांगितला?"

"पाह्यलं म्या, कोण सांगते ते. अख्खं गाव या ओसरीवर येऊन गेलं. म्हटलं, एक तरी म्हणंन, बाई, थे तसं नायी. अकरा पुस्तकं वाट पाह्यली." तिनं चाचपत सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. "तुले क्षमा. तुया पुस्तकाच्या पुड्या म्या केल्या होत्या. पण शेवट लय खराब रचतं तू. सगळेच मरतात."

मग एकेक जण पुढे झाला. पदराआड हसलेल्या बायका आल्या, तिनं प्रत्येकीला क्षमा म्हटलं. दुकानात तोलायला असलेल्या रूपलाललाही म्हटलं. मी मागेच उभा राहिलो. लाज काय असते ते मला त्या दिवशी चाळिसाव्या वर्षी कळलं. शेवटी गेलो, हात जोडले.

"बाई, मलाही क्षमा करा."

"कोण?"

पाच वर्षं माझा आवाज ऐकत होती. "मी. वाचनालयातला."

"हो हो. भाऊ, पुस्तकं मोजली का?"

 लोक पाहत होते. "मोजली," मी म्हटलं.

"बरोबर आयेत?"

"बरोबर आहेत."

"मंग झालं तं. या आता."

त्या दिवशी त्या ओसरीवरून क्षमेशिवाय उतरलेला मी एकटाच. रीत तिनं माझ्यापुरती मोडली. त्यानंतर तिनं पुस्तक मागवलं नाही, आणि दोन वर्षांनी ती गेली. ती अकरा पुस्तकं अजून कपाटात आहेत. ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी ओला बोळा घेऊन पहिल्या पुस्तकाचं मागचं पान पुसायला बसलो. विहिरीवर बोळा फिरवला तशी जांभळी शाई साऱ्या कागदावर पसरली, माझ्या बोटांना लागली, आणि खालचं अक्षर होतं तसंच वाचता येत राहिलं.