ओवीचे टॉन्सिल आणि आबांचा श्वास

मी इंदुरात कान-नाक-घशाची डॉक्टर. लोक माझ्यासमोर तोंड उघडतात ते घसा दाखवायला, पण बाहेर पडतात किस्से! लिहून ठेवत नाही, तरी साठतातच.

*

एक पप्पा कौतुकानं सांगत होते, "मॅडम, आमचा बेटा घोडे बेचके झोपतो. घोरणं शेजारी ऐकू जातं!"

म्हटलं, "अहो, टॉन्सिल वाढलेत. झोपेत श्वास अडतोय त्याचा. ती झोप नाही, रात्रभर कुस्ती चाललीय."

पप्पा बायकोकडे वळून म्हणाले, "बघ! मी म्हणत होतो ना, पोरगा पहिलवान होणार!"

*

एका आईनं ऑपरेशनचं सगळं शांतपणे ऐकलं. भूल, दुखणं, सगळं. मग मी म्हटलं, "नंतर दोन आठवडे घशाला टोचणारं काही नाही, सेव बंद." तेव्हा कुठे डोळ्यांत पाणी आलं!

"बिना सेव के पोहे? मॅडम, दुसरा काही इलाज नाही का?"

*

पण आमचे हिरो जाधव आबा. त्यांची पाच वर्षांची नात ओवी घोरायची, मधेच श्वास थांबायचा, शाळेत पेंगायची. आईबाप ऑपरेशनला तयार, आबा अडून बसलेले.

"घोरणं आमचं खानदानी आहे! पणजोबा होळकरांच्या फौजेत होते, तेही घोरायचे. मीसुद्धा घोरतो. काय बिघडलं?"

मी चिडलेच. "आबा, दुपारी ती झोपली की शेजारी बसा. तिचा श्वास थांबला की तुम्हीही नाक दाबा. ती घेईल तेव्हाच घ्या."

दुसऱ्या दिवशी क्लिनिक उघडायच्या आधी आबा दारात. "मॅडम, मला नाही हो झेपलं. ऑपरेशन कधी?"

मग वेटिंग रूममध्ये येईल त्याला नाक दाबून, गाल फुगवून दाखवत बसले. ओवी बघत होती.

*

ऑपरेशनच्या सकाळी विचारलं, "काही खाल्लं नाही ना?"

"काही नाही!" सगळे एका सुरात.

"लाडू," ओवी म्हणाली.

"तो खजरान्याच्या गणपतीचा प्रसाद, मॅडम! प्रसाद म्हणजे काय खाणं आहे का?" इति आबा.

भुलीत पोटातलं श्वासनलिकेत गेलं तर? ऑपरेशन पुढे ढकललं. सूनबाई आबांना काय बोलल्या ते विचारू नका.

*

झालं एकदाचं. नंतर दाखवायला आणली तेव्हा ओवी टवटवीत, घोरणं गायब. आबा मात्र बाकावर बसल्या बसल्या झोपले आणि घोरायला लागले.

एकदम आवाज थांबला. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. ओवीनं नाक दाबलं, गाल फुगवले. तोंड लालबुंद झालं, तरी सोडेना! आबांनी दचकून श्वास घेतला, तेव्हा तिनं घेतला.

मग माझा कोट ओढून म्हणाली, "डॉक्टर मावशी, आबांना उद्या लाडू द्यायचा नाही हं!"