पहिल्या खिळ्यावरचे बिल्ले

गजभिये बाई काल दुपारी गेल्या. ‘स्वर्गवासी झाल्या’ असे मी लिहिणार नाही. स्वर्ग त्यांना मान्य नव्हता.

भिलाईच्या प्राथमिक शाळेत त्यांनी मला शिकवले. साठचे दशक नुकते लागले होते. पोलादाचा कारखाना अजून उभा राहत होता आणि आमच्या वर्गात अर्ध्या देशाची मुले होती.

शाळेत त्या सर्वांच्या ‘बहनजी’. आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहत असल्यामुळे मला मात्र त्या ‘बाई’.

त्यांचे पती कारखान्यात फिटर होते. तिथे गेटवर टोकन बोर्ड असे. खिळे ठोकलेली फळी आणि प्रत्येक खिळ्यावर एका कामगाराचा बिल्ला. कामावर आलेला माणूस आपला बिल्ला काढून आत जाई.

बाईंनी तशीच फळी वर्गाच्या भिंतीवर लावली.

वरची ओळ वाचनाची, खालची गणिताची. वाचनाचा पहिला खिळा अक्षरओळखीचा, पुढचा काना-मात्रांचा, त्यापुढचा जोडाक्षरांचा. गणिताचेही तसेच. प्रत्येक मुलाचे पत्र्याचे दोन बिल्ले.

दर शनिवारी त्या एकेकाला जवळ बसवून वाचून घेत, हिशेब करून घेत. बिल्ला सरकवत, किंवा होता तिथेच राहू देत.

सोमवारी आमच्या जागा त्यानुसार बदलत. जो जिथे अडला, तिथून त्याला शिकवायचे. पहिला नंबर, दुसरा नंबर हा प्रकारच त्या वर्गात नव्हता.

मी हातच्याच्या वजाबाकीवर अडलो होतो. म्हणून माझ्या शेजारी रुखमिन आली.

ती मुरूम वाहणाऱ्या एका रेजेची, म्हणजे मजूर बाईची, मुलगी. आईचे काम जिकडे जाई तिकडे हीही जाई, त्यामुळे शाळा सारखी तुटे. तोंडी हिशेबात ती सर्वांच्या पुढे. वाचनात मात्र पहिल्याच खिळ्यावर.

मी तिला अक्षरे शिकवायची आणि तिने मला वजाबाकी, असे बाईंनी ठरवून दिले. माझ्या डोक्यात शेण भरले आहे, हे ती आपल्या छत्तीसगढीत मला रोज न चुकता ऐकवत असे.

पण वजाबाकी मला तिनेच शिकवली.

दिवाळीपूर्वी शाळेची तपासणी होणार होती. वरचे साहेब येणार, मुलांना उभे करून वाचायला लावणार. मुख्याध्यापक वर्गात आले, फळीसमोर बराच वेळ उभे राहिले आणि बाईंना म्हणाले,

“बहनजी, आपने तो मेरा काम आसान कर दिया.”

वाचनाच्या पहिल्या खिळ्यावरचे सगळे बिल्ले त्यांनी काढले आणि रुमालात बांधले. ही मुले कुरुदच्या बाजूला असलेल्या गावशाळेत जातील, असे सांगितले.

बाईंनी विनवले. हे बिल्ले सरकतात, मला एवढे सत्र द्या, असे त्या म्हणत राहिल्या. गणिताची ओळही बोट ठेवून दाखवली. मुख्याध्यापकांनी त्या ओळीकडे पाहिले नाही.

आता एकच आधार उरला होता. पालकाच्या अंगठ्याशिवाय मुलाचे नाव काढता येत नव्हते. रुखमिनची आई नाही म्हणेल, एवढ्या आशेवर बाई होत्या.

आई आली, ती कामावरून तशीच. पायांवर लाल माती. ती भिंतीवरच्या फळीकडे पाहतच राहिली. मग माझ्या मुलीचा बिल्ला कुठे होता, एवढेच तिने विचारले.

खोटे बोलणे बाईंना जमत नसे. त्यांनी रिकाम्या खिळ्याकडे बोट केले. तो इथे का होता, आता पुढे कसा गेला असता, हे त्यांनी समजावून सांगितले. हिंदीत सांगितले, मग मोडक्यातोडक्या छत्तीसगढीत सांगितले.

पण रुखमिनच्या आईने टोकन बोर्ड पाहिलेला होता तो फक्त कारखान्याच्या गेटवर. तिथे खिळ्यावर राहून गेलेल्या बिल्ल्याचा एकच अर्थ होता.

“टोकन टंगाय रहिगे त काम गय, बहनजी. हमन जानथन.”

टोकन टांगलेले राहिले, म्हणजे काम गेले. आम्हाला ठाऊक आहे. ती रागावली नव्हती. तिने अंगठा उमटवला आणि मुलीला हाक मारली.

रुखमिनने पाटी उचलली. माझ्याकडे पाहिले नाही.

त्या संध्याकाळी बाई आमच्या स्वयंपाकघरात माझ्या आईजवळ बसल्या होत्या.

“मी कुठून शिकवाचं ते पाहून राहिली होती, वहिनी. त्याईनं कोणाले काढाचं ते पाहिलं.”

आईने चहा पुढे केला. तो तसाच निवला.

पुढच्या रविवारी बाई पतीच्या सायकलवर बसून त्या गावशाळेत गेल्या. रुखमिन तिथे पोचलीच नव्हती. मजुरांच्या वस्तीत गेल्या, तर ठेकेदाराचे काम संपले होते आणि झोपड्या उठल्या होत्या. माणसे कुठे गेली, कोणालाही सांगता आले नाही.

फळी त्यांनी उतरवली. शनिवारचे वाचून घेणे चालू ठेवले, परंतु कोण कुठे अडले हे सारे डोक्यात ठेवू लागल्या. भरलेल्या वर्गात ते राहत नसे. कोणाचे काय अडले आहे, हे त्या विसरत, आणि ते मूल तिथेच अडून राही. भिंतीवर लावले तर कोणी उचलून नेईल, न लावले तर शिकवता येणार नाही. यातून त्यांना वाट सापडली नाही. मलाही आजतागायत सुचलेली नाही.

माझी सून दुर्गला, पद्मनाभपुरात राहते आणि प्राथमिक शाळेत शिकवते. मागच्या वर्षी मी तिला बाईंकडे नेले. तिने मोठ्या उत्साहाने मोबाइलवर आपला वर्ग दाखवला : पुढे गेलेली मुले हिरव्या रंगात, मागे राहिलेली लाल रंगात.

बाईंनी चष्मा लावून सगळे पाहिले. कौतुकही केले. मग विचारले,

“हे लाल पोरं मंग कुठं जातात, बाई?”

“मी डेटा वर पाठवते, आजी. पुढचं मला माहीत नाही.”

बाईंनी तिचा हात हातात घेतला.

“मलेही नवतं माईत.”

त्यानंतर आम्ही निघेपर्यंत त्यांनी तो हात सोडला नाही.

बाई, आपल्या विद्यार्थ्याची ही आदरांजली.