कोऱ्या दगडाचा ठसा

आमच्या शेजारीण मार्थाबाई यंदा पंचाहत्तर वर्षं पूर्ण करत आहेत, आणि न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी मंडळींनी त्यांच्या गौरवासाठी हा अंक काढला आहे. मला अक्षर येत नाही. मी बोलते आहे आणि माझी सून सुजाता लिहून घेते आहे. मधूनमधून ती माझी भाषा नीटनेटकी करते. तेव्हा जिथं फार शुद्ध वाटेल, तो दोष तिचा.

मार्थाबाईंची आणि माझी ओळख झाली ती मी घराबाहेर अडकले म्हणून. चौऱ्याऐंशी सालचा हिवाळा. मुलगा-सून कामावर गेलेले. कचरा टाकायला मी सपाता घालून बाहेर आले आणि मागं दार आपोआप लागलं. मार्थाबाई धावत आल्या, स्वतःचा कोट माझ्या लुगड्यावर चढवला आणि घरी नेऊन काहीतरी प्यायला दिलं. तो चहा होता, हे सुजातानं मला नंतर सांगितलं. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी बोलत बसलो, त्या इंग्रजीत, मी मराठीत. कुणाचंच अडलं नाही. माझ्या जवळपास वयाच्या असून त्या मला आजी म्हणतात, सगळे म्हणतात म्हणून.

आपल्या किती सुनांना त्यांनी गाडी शिकवली, हे आपण जाणताच. सुजातानं तर त्यांच्याच गाडीनं त्यांचीच टपालपेटी आडवी केली. "बरं झालं," त्या म्हणाल्या, "चांगली बातमी कधी आलीच नव्हती तिच्यात."

पण त्यांचं खरं काम वेगळं. त्यांचं घराणं इथं इंग्रजांचं राज्य होतं तेव्हापासूनचं. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या पूर्वजांच्या शोधाला लागल्या. जुन्या चर्चमागच्या दफनभूमीत जायचं, थडग्याच्या दगडावर पातळ कागद चिकटवायचा, वरून काळं मेण घासायचं, की कोरलेली नावं कागदावर उमटतात. कुठं कुठं दगडावर कोरलेलं, पंख फुटलेलं मुंडकंही उमटतं. अशा ठशांनी त्यांच्या घरातल्या भिंती भरल्या आहेत. रविवारी सुजाता आणि मीही जायचो. घासायला अक्षर थोडंच लागतं?

एका रविवारी मी दफनभूमीची पडकी भिंत ओलांडून झाडांखाली गेले आणि तिथल्या एका दगडाचा ठसा घेऊन आले. मेहनत भरपूर घेतली होती.

"हा कुठला दगड, आई?" सुजातानं विचारलं.

"भिंतीपलीकडचा. पुष्कळ आहेत तिकडं, ओळीनं. काय लिहिलंय?"

"काहीच नाही. कोरा आहे."

"मला सगळेच तसे दिसतात. मी काय करू?"

सुजाता हसली आणि तिनं ते मार्थाबाईंना इंग्रजीत सांगितलं. मार्थाबाई हसल्या नाहीत. त्यांचे कान लाल झाले. "शेतातले दगड असतील," म्हणाल्या आणि कितीतरी वेळ हाताचं मेण पुसत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारात आल्या. बसल्या नाहीत. उभ्यानंच बोलल्या, सुजातानं मला मराठीत सांगितलं. ती त्यांच्या घराण्याच्या गुलामांची थडगी होती. जन्मभर या घराण्याच्या शेतात राबलेली माणसं भिंतीबाहेर पुरली, आणि नाव कोरलं नाही कुणाचंच. लहानपणी त्यांची आजी सांगायची, तिकडं खेळायचं नाही.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"होतं. भिंतीच्या आतले सगळे ठसे घेतले मी. तिकडं गेलेच नाही."

मग मीही सांगितलं. विदर्भातल्या आमच्या गावात आमची वस्ती गावकुसाबाहेर, आणि आमची मातीसुद्धा वेगळ्या जागी व्हायची. "भिंतीपलीकडं माझे पाय आपोआप वळले. सवय आहे त्यांना." तेव्हा त्या बसल्या. खुर्ची होती, तरी पायरीवर बसल्या.

दर उन्हाळ्यात त्यांचं सगळं घराणं चर्चच्या हॉलमध्ये जेवायला जमतं आणि मार्थाबाई तिथं पूर्वजांचे ठसे लावतात. त्या वर्षी आम्हाला घेऊन गेल्या. मूळ पुरुषाच्या ठशाशेजारी त्यांनी माझा काळा कागद लावला.

"मार्था, उतरव ते," त्यांचे भाऊ म्हणाले. "मुलं आहेत इथं."

"मलाही लहानपणीच कळलं होतं, हॅरी. तुलाही."

मग त्या सगळ्यांकडं वळल्या. "ही माणसं आपल्या घराची गुलाम होती. त्यांची नावं मला माहीत नाहीत. मी शोधलीच नाहीत. मला लाज वाटते."

भावानं आपल्या बायकोनं आणलेला केक झाकला, उचलला आणि ते निघाले. त्यांच्यामागून अर्धा हॉल गेला. उरलेले ताटात बघत बसले. मार्थाबाई मान खाली घालून तिथंच उभ्या. "आई, घरी जाऊ या," सुजाता कुजबुजली. मला उठवेना. जन्मभर मान खाली घालायचं काम आमच्याकडं होतं, काहीही न करता. समोरच्यानं ती लाज आपणहून उचललेली मी पहिल्यांदा पाहत होते, आणि मलाच मेलीला कुठं बघावं कळेना.

भाऊ अजून बोलत नाहीत. वाढदिवसाला येतील की नाही, ठाऊक नाही. हे सगळं लिहायचं म्हटल्यावर सुजाता म्हणाली, "आई, गौरव अंक आहे हा. त्यांना कसं वाटेल?" म्हणून त्यांनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "गाडी शिकवल्याचं गाळा हवं तर. हे लिहा."

मार्थाबाईंना उदंड आयुष्य लाभो. नजर शाबूत राहो, आणि गुडघे तर राहायलाच हवेत. भिंतीपलीकडचे दगड फार बुटके आहेत, आणि नाव अजून एकाचंही सापडलेलं नाही.