निवळ्या नसलेलं पाणी

भिजल्या तंबाखूचा वास आला की मोडनिंबजवळचं आमचं करडईचं रान डोळ्यांपुढं येतं. करडईवर माव्याची कीड पडली की सासरे तंबाखू उकळून तो काढा केरसुणीनं शिंपडायचे. पहिल्या साली मावा पार झडला, पुढं मात्र दर साली काढा दाट करावा लागला. त्या साली तर तो काकवीसारखा काळा झाला होता. उरलेला त्यांनी ओढ्याच्या डोहात ओतला आणि काढ्याचा हंडा तिथंच खंगाळला. सकाळी सासूबाईंबरोबर मी त्याच डोहावर पाण्याला गेले. पाण्यावर सरसर पळणारे किडे, म्हणजे निवळ्या, हातानं बाजूला सारायच्या आणि मगच घागर बुडवायची, अशी आमची रीत. निवळ्या असल्या की पाणी पिण्याजोगं. त्या दिवशी सारायला एकही नव्हती. काठाला खेकडे उताणे पडले होते. मागून सासरे आले. “पानी बग की, कसं आरशावानी झालंय!” सासूबाईंनी बांधावरच्या करडईचा शेंडा मोडून त्यांच्यापुढं धरला. “आन् ह्यो?” शेंड्यावर मावा जिवंत वळवळत होता. आम्ही रिकाम्या घागरी घेऊन परतलो. आता घरात नळ आहे. तरी भांड्यातलं पाणी स्तब्ध दिसलं की माझा हात आधी काहीतरी बाजूला सारायला जातो, आणि तिथं काहीच नसतं.