तिसऱ्यांदा विचारेपर्यंत

ओपल होस्टेटरनं जन्मात कुठली गोष्ट पहिल्या विचारण्याला घेतली नाही. रविवारी प्रार्थना झाली की चर्चच्या तळघरात कॉफी असायची.

"ओपल, कॉफी देऊ?"

"नको गं, तुम्हांलाच कमी पडेल."

"किटली भरून आहे."

"असू दे. मी घरून पिऊन आलेय."

"घे म्हणते ना, बाई!"

"आता ओतलीसच तर दे अर्धा कप."

मग ती दोन कप प्यायची. यात ढोंग काही नव्हतं, आमच्याकडे सगळेच असे. पहिलं 'नको' रीतीचं. दुसरं 'नको' समोरचा मनापासून विचारतोय का ते बघायला. तिसऱ्याला घ्यायचं. बशीतली शेवटची वडी तर कुणी घेतच नाही. कुणी तिची अर्धी कापून घेतं, मग दुसरं कुणी त्या अर्धीची अर्धी. शेवटी नखाएवढा तुकडा उरतो, तो पाद्रीसाहेबांची बायको कागदात बांधून घरी नेते.

हे आधी सांगितलं, कारण ओपलचं दुकान यातच गेलं. लोक म्हणतात, शहर सुधारलं त्यात गेलं. तेही खरं, पण अर्धंच. उरलेल्या अर्ध्यात माझाही हात आहे.

वॉलनट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर हॅल्डमन बिल्डिंग, विटांची, पाच मजली. तळाशी पाटी: 'होस्टेटर अँड सन, शू रिपेअर'. होस्टेटर म्हणजे ओपलचा सासरा आणि सन म्हणजे तिचा नवरा लीलँड. सासरा पिकून गेला; लीलँड मात्र त्रेचाळिसाव्या वर्षीच, हातात कुणाचा तरी बूट असताना. पाटीवर दोघं राहिले आणि पाटीखाली अडतीस वर्षं ओपल बसली. मी एकदा म्हटलं, "अगं, आता तुझं नाव घाल की." तर म्हणते, "रंग कशाला वाया घालवायचा, वर्ना? लोक जोडे बघतात, पाटी कोण बघतंय?"

मी त्याच बिल्डिंगीत वरचे मजले झाडायची. वकील, विमावाले, एक दातांचा डॉक्टर. शिक्षण माझं आठवीपर्यंत आणि डावा पाय जन्मापासून दीड इंच आखूड. पायाचे डॉक्टर वहीतून बूट दाखवायचे, काळे, विटेसारखे. ते घालून चाललं की वाटायचं घोडा येतोय. ओपलनं पहिल्याच महिन्यात मला बोलावलं आणि म्हणाली, "तुझी पावलं मला छतातून ऐकू येतात. एक हलकं, एक जड. काढ तो डावा." तिनं साध्याच जोड्याच्या तळाखाली बुचाचा थर बसवला, वरून चामडं चढवलं, कडा अशा घासल्या की बघणाऱ्याला कळू नये. मुलीच्या लग्नात मी नाचले. व्याही म्हणाले, "बाई हलक्या पायाच्या आहेत." मी कुणाला सांगितलं नाही, ओपलनंही नाही.

मग शेगड्यांचा कारखाना बंद पडला. हायवेला मॉल झाला. वॉलनट स्ट्रीटवरची दुकानं एकेक करून दात पडल्यासारखी पडली. वरचे वकील गेले, दातवाला गेला. झाडायला नुसती धूळ राहिली, आणि धूळ काही पगार देत नाही, म्हणून मीही गेले. ओपल राहिली. दहा-बारा वर्षं त्या सबंध रस्त्यात दिवा असलेली खिडकी एकच. थंडीत बसची वाट बघणाऱ्या बायका तिच्या दारात उभ्या राहायच्या. ती म्हणायची, "आत या." त्या म्हणायच्या, "नको, बस येईलच." ती तीनदा म्हणायची. मग त्या यायच्या.

आणि मग एका वर्षी शहराला एकदम जाग आली. बाहेरचे पैसेवाले आले. पहिल्यांदा बिअर गाळणारे आले. मग कुत्र्यांची बेकरी आली. कुत्र्यांनी चालवलेली नव्हे, कुत्र्यांसाठी. मग पैसे घेऊन लाकडावर कुऱ्हाडी फेकू देणारं दुकान आलं. माझे वडील अख्खा हिवाळा फुकट कुऱ्हाड चालवायचे, त्यांच्यासाठी कुणी टाळी वाजवली नाही. मी चेष्टा करायची, पण ओपलला ते आवडायचं नाही. "येऊ देत गं. माणसं आली की पाय येतात, पाय आले की जोडे येतात." ती खरंच वाट बघत होती. इतकी वर्षं तिनं दिवा लावला तो यांच्यासाठीच, असं तिला वाटत होतं.

हॅल्डमन बिल्डिंगही विकली गेली. वर राहायच्या खोल्या होणार, खाली नवी दुकानं. एप्रिलमधल्या एका गुरुवारी नव्या मालकांचा माणूस आला. नाव कॉर्बिन. तिशीचा असेल, समुद्रकाठच्या मोठ्या शहरातला. मी खुर्चीत बसले होते, डावा पाय अनवाणी. जोडा ओपलच्या मांडीवर. तो येणार म्हणून तिनं लिंबाच्या वड्या करून ठेवल्या होत्या.

माणूस वाईट नव्हता, हे मला आजही म्हणावं लागतं. त्यानं टोपी काढली. जोडे ज्यांवर चढवतात ते लाकडी फर्मे हातात घेऊन बघितले. वडी दिली तर पहिल्या विचारण्याला घेतली, दुसरी न विचारता घेतली, आणि बशीत एकच उरली तेव्हा बोलता बोलता तीही उचलून तोंडात टाकली. अख्खी. मी ओपलकडे बघितलं, ओपलनं माझ्याकडे. आम्हांला तेव्हाच कळायला हवं होतं की याला आमची भाषा येत नाही.

तो म्हणाला, "मिस ओपल, आम्हांला वाटतं तुम्ही इथंच राहावं. कोपऱ्याची जागा तुमची. दुरुस्ती आम्ही करून देऊ, भाडं आहे तेवढंच, दहा वर्षांचा करार."

ओपलचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. लग्नाच्या दिवशी असेल. आणि तोंडातून काय निघालं?

"छे छे, नको हो. माझ्यासारखीला कशाला एवढी जागा? तुम्हांला चांगलं कुणी मिळेल."

कॉर्बिन म्हणाला, "नक्की का? आम्ही मनापासून म्हणतोय."

"तुमच्यावर ओझं कशाला?" ओपल म्हणाली. हातानं माझ्या जोड्याची कड घासत होती, भराभर.

आता तिसरं.  कॉर्बिननं मान हलवली, छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "समजलो. तुमच्या निर्णयाचा मला आदर वाटतो." टोपी घातली आणि गेला.

पडत्या फळाची आज्ञा म्हणतात ना, तसं. पण फळ पडलंच नव्हतं. ते फांदीला घट्ट धरून बसलं होतं.

"गेला?" ओपल म्हणाली.

"येईल परत."

"वर्ना, मी फोन करू का? सांगू का, हो म्हणून?"

इथं माझा हात. मी म्हटलं, "अगं वेडी आहेस का? दोनदा नको म्हणायचं आणि संध्याकाळी फोन करायचा? हपापलेली वाटशील. तिसऱ्यांदा विचारायला येतोच माणूस. धीर धर." मी चौऱ्याऐंशीची, ओपल माझ्याहून पाच वर्षांनी लहान. तिनं मोठीचं ऐकलं.

पुढच्या गुरुवारी तिनं वड्या केल्या. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या गुरुवारी मी म्हटलं, "साखर जास्त झालीय." ती म्हणाली, "त्याला गोड आवडतं." रस्त्यावर गाडीचं दार वाजलं की ती एप्रन झटकायची. सहा गुरुवार ते चाललं. सातव्याला पत्र आलं, छान जाड कागदावर: ऑक्टोबरअखेर जागा मोकळी करावी, इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल आभार.

तेव्हा तिनं फोन केला. मी शेजारी उभी होते, पलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

"पण मिस ओपल, तुम्ही नको म्हणालात!" बिचारा खरोखर हादरला होता. "मी दोनदा विचारलं. आता ती जागा बारवाल्यांना दिली. सह्या झाल्या. तुम्ही एकदा हो म्हटलं असतं तर..."

आता तरी बोल, मी मनात म्हटलं. भीड ही भिकेची बहीण, बोल. आणि ओपल काय बोलली?

"अहो, मनाला लावून घेऊ नका. चूक माझीच. तुम्ही आपलं सावकाश जेवण करा, आवाज ओढल्यासारखा वाटतोय तुमचा."

जागा हातची गेली होती आणि ही त्याला जेवायला सांगत होती!

मशीन ओहायोतल्या कुणी नेलं. टाचा ठोकायचा लोखंडी पाय चर्चच्या बाजारात विकला. शेवटच्या आठवड्यात कॉर्बिन स्वतः आला. त्याला पाटी हवी होती.

"ती जुनी? रंग उडालाय तिचा," ओपल म्हणाली.

"तेच तर सुंदर आहे. द्याल?"

"नका हो नेऊ, तुम्हांला लाज आणेल ती."

"मिस ओपल, मी खरंच मागतोय. या शहराचा तो इतिहास आहे. कृपा करून द्या."

तीनदा झालं. पाटीसाठी त्यानं बरोबर तीनदा विचारलं. ओपलला रीत मोडता येईना. म्हणाली, "न्या."

पुढच्या मेमध्ये बार उघडला. नाव काय असेल? 'होस्टेटर अँड सन, शू रिपेअर'. पाटी तीच, तिथंच, वर दिवे सोडलेले. लोकांना ते फार गमतीचं वाटलं. पहिल्याच आठवड्यात गावाबाहेरचा एक शेतकरी बूट बगलेत घेऊन आत शिरला. टाच कधी मिळेल म्हणून त्यानं विचारलं, तर सगळा बार हसला. त्यानं बूट परत बगलेत घातले आणि "माफ करा हं," म्हणून बाहेर आला. माफी त्यानं मागितली, आमच्याकडचाच होता ना.

उद्‌घाटनाचं बोलावणं ओपलला होतं. मला वाटलं नाही जाणार. तर मला फोन करून म्हणाली, "चांगला झगा घाल." गेलो. लीलँडचे फर्मे बिअरच्या नळांना मुठी म्हणून बसवले होते. दहा नंबर ओढला की काळी बिअर, सात नंबर ओढला की आंबट. मांडणीवर जुने जोडे सजवले होते, त्यातले दोन मला ओळखू आले. गल्ल्यामागची मुलगी, नाकात चमकी, गोड चेहऱ्याची, लगबगीनं आली. "तुम्ही त्याच का? अय्या! तुमच्यासाठी एक पेला आमच्याकडून. घ्याल?"

मी सवयीनं थांबले.

"हो," ओपल म्हणाली.

मुलीला त्यात काही वाटलं नाही. मी मात्र वळून तिच्याकडे बघितलं. साठ वर्षं तिला ओळखते.

"आणि खायला काही?"

"हो."

"अजून एक पेला?"

"हो, दे."

बशी आली, वर चीज वितळवलेले बटाटे. शेवटचा तुकडा राहिला. मी रीतीनं सुरी हातात घेतली, अर्धा करायला. ओपलनं तो बोटांनी उचलला, तोंडात टाकला, आणि तिच्याच नवऱ्याच्या फर्म्याच्या मुठीकडे बघत सावकाश चावला. कॉर्बिन लांबून हात हलवत होता. तिनं हात हलवला नाही.

तेव्हापासून ती तशीच आहे. चर्चमध्ये कॉफी म्हटलं की कप पुढे. पहिल्यांदा बायका हसल्या, मग कुजबुजल्या, आता विचारताना जरा बिचकतात. खरं तर यात वावगं काय? बाकी जग असंच चालतं. पण आम्हांला तिला आग्रह करायचा असतो आणि ती करू देत नाही.

ऑगस्टमध्ये माझ्या डाव्या जोड्याचं बूच दबून चपटं झालं. शंभर मैलांत कुणी करणारं नाही. डॉक्टरनं परत तेच विटेसारखे बूट दाखवले. ओपल माझ्याकडे कॉफीला आली होती, मी ओसरीच्या पायऱ्या कशी चढले ते तिनं खिडकीतून बघितलं.

"बूच गेलं वाटतं," म्हणाली. "आरी नि रापी आहे अजून, घरी सिंकखाली. बुचाचा एक तुकडाही आहे. काढ तो जोडा, माझ्या टेबलावर होईल."

आणि मी, म्हातारी मूर्ख, काय म्हणाले?

"नको गं. तुझी बोटं दुखतात, कशाला उगाच त्रास!"

म्हटलं आणि थांबले. ओपलनं माझ्याकडे बघितलं. चांगलं बघितलं, जोड्याकडे बघितलं, परत माझ्याकडे.

"बरं," ती म्हणाली.

मी दुसऱ्याची वाट बघत राहिले. ती मक्याविषयी बोलली, यंदा उशिरा पडलेल्या पावसाविषयी बोलली. मग उठली. आमच्याकडे निरोप दारात अर्धा तास चालतो, त्यात तरी विचारेल असं मला वाटलं. बशीत एक वडी उरली होती. ती तिनं उचलली आणि खात खात पायऱ्या उतरून गेली. मी भिंत धरून दारापर्यंत गेले, तोवर ती कोपऱ्यावर पोचलीसुद्धा होती.