आडनाव नसलेली बाई आणि कार्डिफचं टेम्पे

मे महिन्यातल्या एका शनिवारी आमच्या शेजारीणबाई हातात फोन घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "केतकी, मी 'नॉलेज होल्डर' आहे म्हणे. याचा पगार मिळतो का गं?"

या शेजारीणबाई म्हणजे इबू सुमार्नी. इंडोनेशियात इबू म्हणजे आई, आणि वयाने मोठ्या कुठल्याही बाईला मारायची हाकही तीच. वेम्बलीत ईलिंग रोडच्या मागे आमचे फ्लॅट समोरासमोर आहेत. इबू मूळच्या जावा बेटावरच्या. इतरांच्या घरी बॉयलरच्या उबदार कपाटात टॉवेल वाळतात, यांच्या कपाटात टेम्पे असतं. शिजवलेल्या सोयाबीनला विरजण लावून दीड दिवस उबेत ठेवलं की त्यावर पांढरी मऊ बुरशी धरते आणि दाण्यांची घट्ट वडी होते, ते टेम्पे. "बुरशी आलेलं सोयाबीन" असं म्हणून आमच्या मंदारने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, पहिल्यांदा नाक मुरडलं होतं. हाच माणूस चीजच्या निळ्या बुरशीबद्दल ऑफिसच्या पार्टीत दहा मिनिटं बोलू शकतो.

तर आमंत्रण होतं कार्डिफच्या एका विद्यापीठातून. नाव सांगत नाही. विषय 'उद्याचं प्रथिन'. दोन वर्षांपूर्वी तिथली मेगन नावाची संशोधक विद्यार्थिनी इबूंकडे येऊन राहिली होती, चार दिवस वही भरून टिपणं घेतली होती आणि जाताना विरजणही नेलं होतं. आता त्यावर संशोधन झालं होतं, पोस्टर झालं होतं, आणि कार्यशाळेला इबूंनी 'नॉलेज होल्डर' म्हणून यावं अशी विनंती होती.

"तू चल," इबू म्हणाल्या. "तुला त्यांची भाषा येते."

इंग्रजी त्यांनाही येतं. त्यांना म्हणायची होती फॉर्मची भाषा. मी एका रेडी-मील फॅक्टरीत फूड सेफ्टी बघते. पुण्यात फूड टेक्नॉलॉजी शिकले, आणि आता दिवसभर टिक्का मसाल्याच्या ट्रेमध्ये थर्मामीटर खुपसते. मी लगेच हो म्हटलं. शेजारधर्म म्हणून, असं मी मंदारला सांगितलं. खरं कारण बॅगेत होतं: माझ्या सीव्हीच्या तीन प्रती. त्या प्रोजेक्टला फूड सेफ्टीची एक जागा निघणार होती, आणि मला फॅक्टरीतून सुटायचं होतं.

आता प्रवास. वेम्बली सेंट्रलहून बेकरलू लाइन थेट पॅडिंग्टनला जाते, बदलाबदली नाही. पॅडिंग्टनहून कार्डिफ साधारण दोन तास. तिकीट काही आठवडे आधी काढा, आयत्या वेळी काढलं तर त्याच भाड्यात युरोपात जाऊन याल. डबा घरून न्या. ट्रेनमधल्या सँडविचसारखं पाकिटबंद खाणं मी व्यवसायाने तपासते, म्हणून सांगतेय.

इबूंनी सोबत चार वड्या घेतल्या होत्या, ईलिंग रोडवरून आणलेल्या केळीच्या पानात बांधलेल्या. वड्या अजून पुऱ्या धरल्या नव्हत्या, त्यामुळे त्यांना ऊब हवी, पण कोंडमारा नको. इबूंनी खिडकीकडची जागा वड्यांच्या पिशवीला दिली आणि स्वतः कडेला बसल्या. समोरच्या सुटातल्या गृहस्थांनी विचारलं, "आत काही जिवंत आहे का?"

"हो," इबू म्हणाल्या, "पण चावत नाही."

रेडिंगनंतर ते गृहस्थ दुसऱ्या डब्यात गेले. सेव्हर्न नदीखालच्या बोगद्यातून बाहेर आलो की वेल्स सुरू, आणि पाट्या दोन भाषांत. प्रत्येक बोर्डावर वेल्श वर आणि इंग्रजी खाली. इबू एकेक पाटी मोठ्याने वाचत होत्या. "बघ," म्हणाल्या, "यांना आपलं नाव आधी लिहायचं कळतं."

स्टेशनपासून विद्यापीठ चालत वीसेक मिनिटं. पाऊस आडवा येतो, छत्री नेऊ नका, उलटते. जाकीट न्या. वाटेत जुन्या मार्केटमध्ये तव्यावरचे गरम वेल्श केक मिळतात: बेदाणे घातलेल्या जाडसर गोड पुऱ्याच, फक्त तळलेल्या नाहीत. दोन घ्या. आम्ही सहा घेतले.

प्रोजेक्टचे प्रमुख डॉ. ज्युलियन यांनी आमचं स्वागत दोन्ही हात जोडून केलं. इबू मुसलमान, मी पुण्याची, आणि आम्ही दोघी त्यांच्याशी हात मिळवायला हात पुढे करून उभ्या. त्यांनी आम्हाला थेट इनक्युबेटरपाशी नेलं. काचेचं दार, निळे दिवे, पडद्यावर आलेख. आत टेम्पेच्या पिशव्या पुस्तकांसारख्या एकीला एक चिकटवून ठेवलेल्या. उद्या पाहुण्यांसमोर दार उघडायचं आणि शेफने तिथेच तळायचं, असा बेत होता.

इबूंनी काचेला नाक लावलं. "फार दाटीवाटी आहे. एक दिवस झाला की ते स्वतःच तापायला लागतं. मग आपण ऊब द्यायची नसते, सोडवायचं असतं. दार उघडा, पिशव्या लांब करा."

ज्युलियन गोड हसले. "किती सुंदर! हे अंतर्ज्ञान आम्हाला जपायचंय. पण तापमान आमची सिस्टीम बघते."

सिस्टीम हवेचं तापमान बघत होती. वडीच्या पोटात काय चाललंय ते तिला ठाऊक नव्हतं. हे मला कळत होतं, कारण हेच मी रोज फॅक्टरीत ओरडून सांगते. तिथे मात्र मी मान डोलावली. सीव्हीची पहिली प्रत त्याच वेळी ज्युलियनच्या हातात होती.

मग पोस्टर. भिंतभर मोठं. वर सहा नावं, प्रत्येकाच्या मागे पदव्या. खाली लिहिलेलं, की 'प्राचीन पण विस्मृतीत गेलेल्या' या अन्नाचा पचनासाठी, प्रथिनांसाठी कसा उपयोग होतो. इबूंनी चष्मा लावून सगळं वाचलं.

"विस्मृतीत कोणाच्या?" त्यांनी विचारलं. "मी तर परवाच खाल्लं." मग त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. विरजण कुठून आणलं त्याची ती ओळ होती. "केतकी, 'डोमेस्टिक सोर्स, नॉर्थ-वेस्ट लंडन'. हे कोण?"

मी ती ओळ पुन्हा वाचली.

"मी का?"

मेगन मागेच उभी होती. तिचे कान लाल झाले. ती म्हणाली, "मी तुमचं नाव घातलं होतं, खरंच. पण संशोधनाचा पेपर पाठवायच्या वेबसाइटला आडनाव लागतं, आणि तुम्हाला..."

आडनाव नाही. जावामध्ये पुष्कळ लोकांना एकच नाव असतं. आईबापांनी सुमार्नी ठेवलं, झालं. ज्युलियननी खांदे उडवले. "तांत्रिक अडचण. पण आभारांमध्ये आपण 'स्थानिक समाज' असा उल्लेख केलाय."

इबूंनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं, एवढं शेजारीण म्हणून मला समजत होतं. मी म्हणाले, "पोस्टरचे रंग छान आहेत."

हे वाक्य मी इथे मुद्दाम लिहितेय. प्रवासवर्णनात लोक सूर्यास्त लिहितात. मला त्या दोन दिवसांतलं सगळ्यात स्पष्ट आठवतं ते हेच वाक्य.

संध्याकाळी गेस्ट हाउसवर आम्ही चिप्स खात बसलो. खोली स्वच्छ, नाश्ता भाड्यातच, खिडकी मात्र उघडत नाही. मी माफीची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात इबूच बोलल्या.

"तुला ती नोकरी हवी आहे ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तीन वेळा बॅग उघडून कागद सरळ केलेस." त्यांनी एक चिप व्हिनेगरमध्ये बुडवली. "नोकरी हवी असणं वाईट नाही. आमच्याकडे लेच्यापेच्या माणसाला टेम्पे म्हणायचे. गरिबाचं खाणं ना ते, म्हणून. माझ्या आईने टेम्पे विकून आम्हा पाच जणांना वाढवलं. ती लेचीपेची नव्हती. तू पण नाहीस. फक्त आज होतीस."

मी माझ्या चिप्स त्यांच्याकडे सरकवल्या. 

दुसऱ्या दिवशी साडेदहाला हॉल भरला. कंपन्यांचे लोक, दोन पत्रकार, पोषणतज्ज्ञ, एक नगरसेविका. पांढऱ्या टोपीतला शेफ तेल तापवून तयार. ज्युलियननी भविष्याबद्दल भाषण केलं आणि इनक्युबेटरचं दार उघडलं.

पहिल्या रांगेने एकदम मान मागे घेतली. अमोनियाचा वास. न धुतलेल्या स्वच्छतागृहाचा असतो तसा, डोळ्यांत जाणारा. वड्या मध्ये तपकिरी आणि चिकट झाल्या होत्या.

"गंधाला एक गुंतागुंत आहे," ज्युलियन म्हणाले.

शेफने गॅस बंद केला. "मी हे तळणार नाही."

दहा मिनिटांचा चहा जाहीर झाला. ज्युलियन घामाघूम होऊन आमच्याकडे आले. इबूंच्या वड्या रात्रीत सुरेख धरल्या होत्या, पांढऱ्याशुभ्र, दाबलं तर घट्ट. त्या मिळतील का? मिळतील, पण बाहेरचं अन्न वाढायचं तर फॉर्म भरावा लागतो, आणि त्यावर जाणकार व्यक्तीची सही लागते. विद्यापीठाची जाणकार व्यक्ती सुट्टीवर होती. "केतकी, तुम्ही करता ना हेच काम? सही करून टाका. तुमच्या अर्जाचंही आपण बोलू लवकरच."

मी फॉर्म घेतला.  वड्या तपासल्या, आतलं तापमान घेतलं. इबूंचं स्वयंपाकघर कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या पालिकेकडे, रीतसर नोंदलेलं आहे, तो कागद त्यांनी पर्समधून काढून दिला. सगळं चोख. मग मी 'निर्माता' या रकान्यावर पेन टेकवलं.

"इथे काय लिहू?" मी विचारलं. "डोमेस्टिक सोर्स?"

"चालेल," ज्युलियन घड्याळ बघत म्हणाले.

"नाही चालत. अन्न कोणी केलं हे माहीत नसेल तर मी ते लोकांच्या ताटात जाऊ देत नाही. ट्रेसेबिलिटी. पोस्टरवर एक आणि फॉर्मवर दुसरं, असंही चालत नाही. दोन्हीकडे एकच नाव हवं."

"पण ती आडनावाची अडचण..."

"नावाच्या जागी सुमार्नी लिहा," इबू शांतपणे म्हणाल्या, "आणि आडनावाच्या जागी सुमार्नी. व्हिसावाल्यांना इतकी वर्षं चालतंय. ते लोक तुमच्यापेक्षा कडक आहेत."

हॉलमधून कपबशांचा आवाज येत होता. ज्युलियननी माझ्याकडे पाहिलं, मग त्या तपकिरी वड्यांकडे. मेगनने त्यांच्या उत्तराची वाट पाहिली नाही. तिने मार्कर घेतला, खुर्चीवर चढली आणि पोस्टरवर सहा नावांच्या आधी मोठ्या अक्षरांत लिहिलं: सुमार्नी सुमार्नी. मग मी सही केली.

इबूंनी शेफला बाजूला सरकवलं, लसूण आणि धने कुटून मिठाच्या पाण्यात घातले, पातळ काप त्यात बुडवले आणि तळले. वासाने लोक आपोआप उठून आले. बाहेरून कुरकुरीत, आतून अक्रोडासारखं. नगरसेविकाबाईंनी चार घेतले. एका कंपनीच्या तरुण अधिकाऱ्याने तोंडात घास असतानाच विचारलं, "पण हे स्केल करता येईल का?"

"आमच्या देशात घराघरात खातात," इबू म्हणाल्या. "तुम्हाला आणखी किती हवंय?"

परतीच्या ट्रेनमध्ये पिशवी रिकामी होती, तरी खिडकीची जागा इबूंनी मला दिली. न्यूपोर्ट येईपर्यंत त्यांना झोप लागली होती.

आता हिशोब मांडायचा तर माझ्या पदरात नोकरी पडली नाही. 'आमच्या टीमच्या संस्कृतीशी तुमचा मेळ बसत नाही' असा मेल आला, आणि पहिल्यांदाच त्या लोकांचं एखादं निरीक्षण मला अचूक वाटलं. मी अजूनही टिक्का मसाल्याच्या ट्रेमध्ये थर्मामीटर खुपसते. वाईट वाटतं का? वाटतं. सोमवारी सकाळी जास्त. पण पेपर छापून आला तेव्हा लेखकांत सुमार्नी एस. होत्या. मंदारने त्याची प्रिंट काढून त्यांच्या दारात नेऊन दिला आणि मोबदल्यात दोन वड्या मागून आणल्या. आता तोच त्या बुरशीबद्दल पार्टीत बोलतो.

आणि गेल्या शनिवारी कार्डिफहून दोन माणसं वेम्बलीत आली. त्यांची टेम्पेची पुढची खेपही बिघडली होती, त्यानंतरचीही. इबू पुन्हा येतील का, असा मेल होता. इबूंनी माझ्याकडून उत्तर लिहून घेतलं: पॅडिंग्टनला उतरा, बेकरलू लाइन धरा, सोयाबीन स्वतःचं आणा, बूट दाराबाहेर काढा.

मी डोकावले तेव्हा मेगन केळीची पानं पुसत होती. डॉ. ज्युलियन बाह्या सरसावून सिंकपाशी उभे होते, थंड पाण्यात दाणे चोळून एकेक साल सुटी करत होते. तास झाला होता म्हणे. बोटं सुरकुतली होती.

"विरजण घालण्याइतकं निवलंय हे कसं ओळखायचं?" त्यांनी विचारलं, आणि खिशात काहीतरी चाचपायला लागले.

"हात लावून," इबू म्हणाल्या. "नाही कळलं तर पुढच्या शनिवारी परत या."

ज्युलियननी वही काढली आणि लिहून घेतलं.