कटरबाईंच्या गोळ्या

आमच्या कपड्यांच्या कारखान्यात सगळे त्यांना कटरबाई म्हणत. साठ थर एकावर एक रचलेल्या कापडावर खडूने रेघ मारायची आणि उभ्या पात्याचं मशीन त्या रेघेवरून चालवायचं, हे त्यांचं काम. रेघ जराशी चुकली की साठ शर्टांच्या बाह्या वाया. मी समोर उभी राहून कापड ताणून धरायचे. इतक्या वर्षांत त्यांची रेघ चुकलेली मी पाहिली नव्हती. जीभही पात्यासारखीच. सुपरवायझर उशिरा आला की म्हणायच्या, "या साहेब, तुमच्यासाठी घड्याळ थांबवून ठेवलंय."

एकदा जिन्यावरून त्यांचा पाय घसरला आणि मणका दुखावला. डॉक्टरांनी दुखण्यावरच्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्या दहा दिवसांसाठी दिल्या. दुखणं कमी होत गेलं, गोळ्या वाढत गेल्या. दोनाच्या चार, चाराच्या आठ. औषधांच्या चार दुकानांतून आणायच्या, म्हणजे कुणाला संशय नको. खडूच्या डब्यात गोळ्यांचं पाकीट असायचं. मला ते दिसायचं. आपल्याला काय करायचंय, म्हणून मी गप्प बसले.

एका मंगळवारी जेवणाच्या सुट्टीनंतर मशीन चालू असतानाच त्यांचे डोळे मिटले. पळभरच. पातं रेघ सोडून माझ्या हातावर आलं. डाव्या तर्जनीचं टोक नखासकट गेलं.

मॅनेजर मशीनची चौकशी लावणार होते. कटरबाई त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मशीन धडधाकट आहे. मी नाही. मी गोळ्या खाते." त्यांना कामावरून थांबवलं.

तीन आठवड्यांनी मी त्यांच्या घरी गेले. खरं सांगते, चार शब्द सुनवायलाच गेले होते. पण तिथे आधीच जुंपली होती. त्यांचे यजमान बसड्रायव्हर. ते म्हणत होते, "आजार कसला? ताप येतो तो आजार. दुकानात हिचे पाय गेले, हात हिने पुढे केला. मनात आणलं तर आज सुटेल."

नणंद नर्स होती. ती म्हणाली, "दादा, वहिनीचं शरीरच आता गोळी मागतंय. मधुमेहवाल्याला तू 'मनावर घे' म्हणशील का?"

"मधुमेहवाल्याने दुसऱ्याचं बोट कापलंय का?"

सगळ्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. कोपऱ्यातून सासूबाई तपकिरीची चिमूट नाकाशी नेत म्हणाल्या, "माणसाने कशाच्या आहारी जाऊच नये." त्या गंभीरपणेच बोलल्या होत्या. कुणाला हसूही आलं नाही.

आता कटरबाई माझ्याकडे वळल्या. "तल्लफ मी बोलावून आणत नाही गं. ती येते. घाम फुटतो, हाडं ठणकतात. त्यावर माझा इलाज नाही, तो डॉक्टरांनी करावा. पण दुकानापर्यंत चालत जातात ते पाय माझेच. त्यांचं मी बघते. तुझं बोट गेलं, त्याला आजाराचं कारण मी देणार नाही."

मी सुनवायला आणलेले शब्द तसेच परत घेऊन आले. राग मात्र गेला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी त्या नणंदेबरोबर व्यसनमुक्तीच्या दवाखान्यात गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या एकदम बंद केल्या नाहीत, थोड्या थोड्या कमी केल्या. रोजची गोळी नणंदेने मोजून द्यायची, असं ठरलं. मग कटरबाई एकट्या चारही औषधवाल्यांकडे गेल्या. प्रत्येकाला म्हणाल्या, "माझा चेहरा नीट बघून ठेवा. मी रडले, पाया पडले, तरी मला ही गोळी द्यायची नाही." एक दुकानदार हसला. म्हणाला, "गिऱ्हाईक स्वतःच नको म्हणतंय, हे पहिल्यांदाच बघतोय." त्या तशाच काउंटरपाशी उभ्या राहिल्या. त्याने त्यांचं नाव कागदावर लिहून काचेच्या आतून चिकटवलं, तेव्हाच हलल्या.

सात आठवडे नीट गेले. मग जुन्या कोटाच्या अस्तरात एक पाकीट सापडलं आणि त्यांनी दोन गोळ्या घेतल्या. सकाळी स्वतःच घरात सांगून टाकलं. यजमान म्हणाले, "बघ, निश्चयच नाही." नणंद म्हणाली, "बघ, आजारच आहे." कटरबाई चपला घालत म्हणाल्या, "तुम्ही दोघंही जिंकलात. आता दवाखान्यात कोण येतंय ते सांगा, उशीर होतोय."

नणंदेला ड्यूटी होती, म्हणून यजमान गेले. तिथल्या बाकावर त्यांच्यासारखी पेशंटांच्या घरची पंधरा-वीस माणसं होती. एक मास्तर होते, एक आजीबाई होत्या. यजमान कुणाशी काय बोलले ते कळलं नाही. पण परत आल्यावर त्यांनी घरातले सगळे खिसे, डबे, पिशव्या उलट्या करून पाहिल्या. 'निश्चय' हा शब्द मात्र पुन्हा काढला नाही. नंतर दर गुरुवारी तेच सोबत जाऊ लागले.

काही महिन्यांनी कारखान्याने कटरबाईंना परत घेतलं, पण पात्यापासून लांब, बटणांच्या टेबलावर. ज्या बाईच्या रेघेवर अख्खा कारखाना चालायचा, ती आता काजाच्या खुणा करत होती. कुणी टोमणे मारले. त्या म्हणाल्या, "बोला, ऐकून घ्यायचं व्यसनही सुटलंय माझं." गोळ्या सुटल्याचा दवाखान्याचा कागद आणि पूर्ण दीड वर्ष, एवढं झाल्यावर मॅनेजरने मशीन पुन्हा त्यांच्या हाती दिलं. कापड धरायला कोण, असं विचारल्यावर मी लगेच हात वर केला नाही. घरी जाऊन विचार केला. दुसऱ्या दिवशी उभी राहिले, पण लोखंडी जाळीचा हातमोजा घालून. त्यांनी मोज्याचा पट्टा स्वतः ओढून पाहिला आणि म्हणाल्या, "असाच घट्ट ठेव. माझ्यावर विश्वास ठेवायची घाई करू नकोस."

गेल्या महिन्यात त्यांची दाढ काढायची होती. खुर्चीत बसण्याआधीच त्यांनी दातांच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं आणि कुठली गोळी चालेल, ते आपल्या डॉक्टरांशी फोनवर बोलून ठरवायला लावलं. मिळाली ती साधीच. गाल टोमॅटोसारखा सुजला. तीन दिवस त्या गालाला बर्फ लावून कामावर येत होत्या. चौथ्या दिवशी मी विचारलं, "फार दुखतंय का?"

"दुखतंय की," त्या म्हणाल्या. "दुखू दे. थर सरळ कर."